प्रेक्षकांची गॅलरी

बर्न, २५ नोव्हेंबर १९५८

सौ. कुंदास,

हरिचंद्रचं पत्र काल आलं. ग्रामपंचायतीसाठी भरलेला माझा अर्ज छाननीत बाद झाला. कारण वाचून मी खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. बदलापूरच्या मतदार यादीत माझं नावच नाही! गेल्या वर्षी अंबरनाथच्या कारखान्याच्या खोलीत राहत होतो, तेव्हा युनियनच्या माणसाला मत पडावं म्हणून मीच सही करून नाव तिकडे हलवलं होतं. नंतर हेंद्रेपाड्याला परत राहायला आलो, पण मत तिकडेच राहिलं. मताची किंमत या विषयावर मी ठाणे जिल्ह्यात किती सभा गाजवल्या, तुला ठाऊक आहे. आपलं मत कुठल्या गावात आहे, एवढं मात्र मला ठाऊक नव्हतं.

असो. झालं ते झालं.

प्रश्न आता तुझ्या अर्जाचा आहे. तो वैध ठरला, असं हरिचंद्र लिहितो. 'वहिनींचा अर्ज राहिला आहे, पुढं काय ते कळवा.' एवढंच लिहून तो आपल्या सायकलच्या दुकानाच्या गप्पांवर गेला आहे.

तू गोंधळून जाऊ नकोस. डमी अर्ज हा निवडणुकीतला नेहमीचा रिवाज आहे. खऱ्या उमेदवाराच्या अर्जात काही खोट निघाली तर हाताशी असावा म्हणून घरातल्याच कुणाचा तरी अर्ज भरून ठेवतात, आणि त्याच दिवशी माघारीच्या कागदावरही सही घेऊन तो सूचकाकडे देतात. सगळे असंच करतात. तुझा माघारीचा कागद हरिचंद्रकडे आहेच. मुदत वीस डिसेंबरची. मी विचार करून कळवतो. तोवर तुला काहीही करायचं नाही.

तू माझ्याशी बोलत नाहीस, हे मी विसरलेलो नाही. कारखान्याच्या शिक्षणासाठी मी इकडे निघालो त्या दिवशी सांताक्रूझच्या विमानतळावर आई आली, हरिचंद्र आला, वीटभट्टीवाले विष्णुपंत हार घेऊन आले. तू आली नाहीस. 'सही कुठं करू?' असं तू विचारलंस, तेव्हा मी घाईत 'इथे, आणि इथे' म्हणालो, हे खरं. दुसऱ्या कागदावर 'मी माझ्या इच्छेने माघार घेत आहे' असं लिहिलेलं तू नंतर वाचलंस. 'माझी इच्छा तुम्हाला कधी कळली?' असं विचारलंस, आणि त्यानंतर 'जेवायला वाढलंय' यापलीकडे शब्द नाही. पण कुंदा, तो छापील मजकूर होता. मी लिहिलेला नव्हता.

इथे काल कांद्याचा बाजार होता. पहाटेपासून शेतकरी वेण्या घातलेले कांदे घेऊन येतात. आपल्याकडे गजरे असतात तशा कांद्यांच्या माळा, त्यात सुकी फुलं गुंफलेली. आणि हा बाजार भरतो कुठे? पार्लमेंटच्या इमारतीच्या अगदी समोरच्या चौकात! हिरव्या घुमटाखाली देशाचा कारभार आणि पायरीशी कांदे. मला ते फार आवडलं. भाषणात वापरीन.

उल्हासनगरच्या कॅम्पातून घेतलेला कोट निकामी आहे. 'साईं, बर्फ में भी पसीना आएगा,' म्हणाला होता दुकानदार. अजून आलेला नाही.

तुझा,
चिंतामणी


बर्न, ३ डिसेंबर १९५८

सौ. कुंदास,

तुझं पत्र नाही. हरिचंद्रचं आलं, विष्णुपंतांचंही आलं. विष्णुपंतांनी तब्येतीची चौकशी केली आहे.

हरिचंद्र लिहितो की तू माघार घ्यायला तयार नाहीस. शिवाय तू भिकीबरोबर तिच्या ठाकूरवाडीत जाऊन आलीस. हे मला तिसऱ्याकडून कळावं?

आधी इथलं सांगतो. रागाच्या भरात काही लिहिलं जाऊ नये म्हणून.

मी जिथे राहतो त्या घराच्या मालकीणबाईंचं नाव फ्राऊ एग्ली. विधवा आहेत, साठीच्या पुढच्या. तरुणपणी इंग्लंडात एका हॉटेलात कामाला होत्या, म्हणून इंग्रजी येतं. माझ्या जेवणाची फार काळजी करतात. 'मिस्टर चिंता' म्हणतात मला. नाव लांब पडतं म्हणून अर्धं केलं. त्या अर्ध्याचा अर्थ मी त्यांना सांगितलेला नाही.

परवा पार्लमेंटचं अधिवेशन सुरू झालं. मी सहज म्हटलं, 'तुमच्या मताचा माणूस निवडून आला आहे का?'

त्या बटाटे सोलत होत्या. म्हणाल्या, 'माझं मत? मला मत नाही.'

मला वाटलं, काही कारणानं यादीतून नाव गेलं असेल. मी स्वतः त्यातूनच गेलेलो. तर म्हणाल्या, 'कुणाही बाईला नाही. एक फेब्रुवारीला पुरुष मतदान करणार आहेत, बायकांना मत द्यायचं की नाही यावर.'

'आणि तुम्ही?'

'मी त्या दिवशी माझ्या भावासाठी केक करीन. तो 'नाही' म्हणणार आहे. बिचाऱ्याला केक आवडतो.'

कुंदा, माझं डोकं फिरलं. मी त्या स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि बोलत सुटलो. ज्या देशाच्या स्वातंत्र्याची गाणी आम्ही पुस्तकांत वाचली, ज्याचं नाव घेऊन आमच्या वक्त्यांनी टाळ्या मिळवल्या, त्या देशात निम्मी माणसं आवाजाशिवाय जगतात! आमच्याकडे पहिल्याच निवडणुकीत अंगठा उठवणारी म्हातारी आणि बॅरिस्टर एकाच रांगेत उभे राहिले. कुणी कुणाची परवानगी मागितली नाही. हक्क दिला जात नाही, तो असतो! एग्लीबाई सोलायच्या थांबल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, 'मग तुमची पत्नी मत देते?'

'मत? ती निवडणुकीला उभी आहे!'

हे माझ्या तोंडून निघून गेलं. खोटं नव्हतं. आजच्या तारखेला तू उभी आहेस.

आता आपलं. तू माघार घ्यावीस असं माझं मत झालं आहे. कारणं देतो.

तू चार माणसांत बोललेली नाहीस. गणपतीच्या हळदीकुंकवाला दोन शब्द बोल म्हटलं तर तू चहा करायला आत गेलीस. ग्रामपंचायतीच्या सभेत विष्णुपंतांसारखी माणसं कायद्याच्या कलमांवर बोट ठेवतात. तू काय बोलशील? लोक हसतील, आणि मी तिथे नसेन. आईचा दमा हिवाळ्यात वाढतो, तिच्याकडे कोण पाहील? तिसरं, वॉर्ड माझा आहे. म्हणजे मी तिथे पाच वर्षं काम केलं आहे, या अर्थानं म्हणतो. पुढच्या खेपेला मी रीतसर उभा राहीन.

वीटभट्टीसाठी विष्णुपंतांनी नदीची वाट अडवली, बायकांना धुणं घेऊन वळसा घालावा लागतो, हे मला माहीत आहे. मीच ते पहिल्यांदा सभेत बोललो होतो. ते मी सोडलेलं नाही. पण प्रत्येक गोष्टीची वेळ असते.

उलटटपाली कळव.

चिंतामणी


बर्न, ११ डिसेंबर १९५८

कुंदा,

आजही पत्र नाही. टपालवाला बर्फात सायकल ढकलत येतो आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून लांबूनच मान हलवतो. आता ते सगळ्या गल्लीला ठाऊक असणार, की वरच्या मजल्यावरच्या काळ्या माणसाला घरून पत्र येत नाही.

आईचं कार्ड आलं, बाळाच्या हातचं. शेजारच्या मुलाकडून लिहून घेताना ती मधे दम घेते, तेव्हा तो पोरगा तिथेच पूर्णविराम देतो. 'इकडे सर्व. ठीक. कुंदा सकाळी. जाते ती संध्याकाळी. येते. भोपळा. लागला.' कुठे जातेस तू? भोपळ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

कारखान्यात काल मी यंत्राचा एक दांडा उलटा बसवला. फोरमननं काही न बोलता तो काढून माझ्या हातात दिला. हे माझ्या हातून कधी होत नाही.

मताच्या हक्कासाठी झटणाऱ्या इथल्या बायकांच्या समितीनं एक छोटी सभा घेतली होती. एग्लीबाईंनी माझं नाव सांगितलं म्हणून मला बोलावलं. चार शब्द बोललो. आपल्या देशाबद्दल. बरं झालं.

कुंदा, मी आज हरिचंद्रला तार केली आहे. तुझा माघारीचा कागद देऊन टाक, अशी. रागावू नकोस. मी दोन रात्री झोपलेलो नाही. तू चावडीच्या ओट्यावर उभी आहेस, समोर माणसं आहेत, तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि मागून कुणीतरी शीळ घालतो, हेच डोळ्यांपुढे येतं. ते तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून केलं. कधीतरी तुला ते पटेल.

एवढं तरी लिही, की तार पोचली.

चिंतामणी


बर्न, १८ डिसेंबर १९५८

प्रिय कुंदा,

घाईत लिहितो आहे, अक्षर समजून घे.

आज मी आणि एग्लीबाई पार्लमेंट पाहायला गेलो. परदेशी प्रवासी म्हणून मला पासपोर्ट दाखवावा लागला, त्यांना काहीच नाही. आपल्याच शहरात त्या माझ्यापेक्षा जास्त बुजल्या होत्या. चाळीस वर्षं समोरच्या चौकात भाजी घेतात, पण ती पायरी कधी चढल्या नव्हत्या. 'मला तिथे काय काम?' म्हणत होत्या. मी अक्षरशः हात धरून नेलं. ठेवणीतली टोपी घातली होती त्यांनी, आणि दारातल्या शिपायाला तीनदा 'गुड मॉर्निंग'चं जे काही त्यांच्या भाषेत असतं ते म्हणाल्या.

वर प्रेक्षकांची गॅलरी आहे. खाली अर्धगोलात सभासदांची मेजं. समोरची भिंत भरून एक चित्र आहे, सरोवराचं आणि डोंगरांचं. इतकं मोठं, की खाली बोलणारा माणूस त्या पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. मी माणसं पाहू लागलो. कुणी वर्तमानपत्र वाचतंय, कुणी पत्रं लिहितंय, एक जण भाषण करतोय. काळे कोट, टकली, चष्मे. एकही बाई नाही. मी रांगेनं पाहत गेलो, कुठेतरी एखादी असेल म्हणून. हे मला माहीत होतं, तरी शोधत होतो.

एग्लीबाईंनी माझी बाही ओढली आणि चित्राकडे बोट दाखवलं. ढगांत पाहा म्हणाल्या. ढगांत एक बाई आहे, कुंदा. ढगाच्याच रंगाची. हातात सोनेरी फांदी. सांगितल्याशिवाय दिसत नाही. 'आम्हाला तिथे ठेवलंय,' त्या म्हणाल्या, आणि हसू आवरायला रुमाल तोंडाशी धरला.

खाली दुधाच्या दराबद्दल काही चाललं होतं. एग्लीबाई मला हळूच अर्थ सांगत होत्या. एकदम त्यांचा आवाज चढला. 'याला दुधाचा भाव माहीत नाही! हा चुकीचा सांगतोय!' दोन-तीन माना वर वळल्या. शिपाई आला. एग्लीबाई लाल झाल्या, हातमोजे चाचपू लागल्या. मला राहवलं नाही. मी उठलो. तुला माहीत आहे मी कसा उठतो. छाती भरून घेतली, हात वर गेला, पहिला शब्द ओठांवर आला. तेवढ्यात शिपायानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आणि अगदी सौम्यपणे काहीतरी म्हणाला. एग्लीबाईंनी खाली पाहत इंग्रजीत सांगितलं, 'तो म्हणतो, इथे निवडून आलेलेच बोलतात. पाहुण्यांनी बसून ऐकायचं.'

मी बसलो.

तासभर बसलो. सोळाव्या वर्षी पहिलं भाषण केल्यापासून मी एवढा वेळ कुठल्याही सभेत गप्प बसलेलो नाही. एक शब्द कळत नव्हता. शेजारी एग्लीबाई टोपी सावरून ताठ बसल्या होत्या. त्यांना सगळं कळत होतं, दुधाचा भावसुद्धा, आणि त्याही गप्पच होत्या. त्यांना सवय आहे.

बाहेर आलो तर त्या खुशीत होत्या. मला विचारू लागल्या, 'तुमची पत्नी कुठे बसेल? पुढे की मागे? मेज असतं का? तिला बोलायला किती वेळ देतात?' मी म्हणालो, शाळेच्या पडवीत सतरंजीवर बसतात. 'सगळे? पुरुषपण?' हो म्हणालो. त्यांना ते फारच आवडलं. 'मग पुढे-मागे प्रश्नच नाही!' मग म्हणाल्या, 'आम्ही बायकांनी तिला शुभेच्छांचं कार्ड पाठवायचं ठरवलंय. पत्ता द्या.'

मी रस्त्यात थांबलो. त्यांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. आणि तार ऑफिसकडे धावलो. बर्फावरून दोनदा घसरलो. हरिचंद्रला दुसरी तार केली: कागद देऊ नकोस, कुंदाचा अर्ज राहू दे.

वीस तारखेची मुदत. आज अठरा. खिडकीतल्या बाईला मी चार वेळा विचारलं, उद्या पोचेल ना? ती म्हणाली, बॉम्बेपर्यंत उद्या नक्की, पुढचं मला सांगता येत नाही. पुढचंच तर मला ठाऊक आहे! कल्याणला तारांची थप्पी पडून राहते. आणि पहिली तार मिळून आठवडा झाला. हरिचंद्र माझ्या शब्दाचा पक्का आहे. आजवर मला त्याचा अभिमान वाटायचा. आज मनात सारखं येतं, निदान या वेळी त्यानं आळस केलेला असो.

तुझा,
चिंतामणी


बर्न, ४ जानेवारी १९५९

प्रिय कुंदा,

नाताळ होऊन गेला. नवं वर्ष लागलं. कुणाचं पत्र नाही. हरिचंद्रचंही नाही, आणि त्याचा अर्थ मी रोज नवा लावतो. सकाळी वाटतं, कागद दिला गेला म्हणून तो लिहायला कचरतोय. दुपारी वाटतं, दिला नाही आणि प्रचारात गुंतलाय. रात्री पुन्हा सकाळचंच खरं वाटतं.

मी तुला काही गोष्टी नीट सांगितल्या नाहीत. त्या लिहितो. उत्तर येवो न येवो.

विष्णुपंतांनी नुसती तब्येतीची चौकशी केली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, वहिनींनी माघार घेतली तर वॉर्डात माझा माणूस बिनविरोध येईल, आणि पुढच्या खेपेला ती जागा तुमचीच, मी शब्द देतो. मी त्यांना उत्तर पाठवलं नाही. पण ते पत्र फाडलंही नाही. ज्या माणसानं वाट अडवली म्हणून मी चावडीपुढे गरजलो, त्याच्या पत्राची घडी मी आतल्या खिशात ठेवली होती. आईचा दमा, तुझं न बोलणं, ही कारणं मी त्यानंतर जमवली.

ती सभा छोटी नव्हती. हॉल भरला होता. आणि मी चार शब्द बोललो नाही, तासभर बोललो. तुझ्याबद्दल. बदलापूर नावाच्या गावात कुंदा नावाची माझी पत्नी कुणाच्या परवानगीशिवाय उभी आहे, नदीच्या वाटेसाठी ती एका धनिकाशी लढते आहे, आणि माझ्या देशात हे नवल नाही. बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. एक म्हातारी रडली. इथल्या वर्तमानपत्रात ते छापून आलं. एग्लीबाईंनी कात्रण स्वयंपाकघरात चुलीच्या वर टाचणीनं लावलं आहे. तारीख पाहा, कुंदा: सभा दहाची. तुझा अर्ज मागे घ्यायची तार मी अकराला केली. त्या टाळ्या कानांत असताना.

ते कात्रण मी रोज दोन वेळा जेवताना पाहतो. त्यात तुझं नाव चुकीचं छापलंय, 'कुन्टा'. मला वाटतं, ती कुन्टा कुणी दुसरी आहे, आणि तिच्या नवऱ्याचं काय झालं असेल कुणास ठाऊक.

अकरा तारखेला मतदान. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तू उभी होतीस की नाही, एवढंही मला माहीत नाही. तुझं भाषण लिहून पाठवावं असं दहादा मनात आलं. तीन पानं लिहिलीही. वाचून पाहिली, तर ते माझंच भाषण होतं. ठेवून दिलं.

मी बावीस तारखेला मुंबईत उतरतो. विमानतळावर येऊ नकोस, लांब पडतं. एवढंच लिही: तारा पोचल्या का, आणि कुठली आधी?

चिंतामणी


हेंद्रेपाडा, बदलापूर
१३ जानेवारी १९५९

चिंतामणी यांस,

नाव लिहिलं म्हणून दचकू नका. छाननीच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, 'पतीचं नाव?' मी मागं पाहिलं. भिकी म्हणाली, 'सांग की गं, तुझाच हाय ना?' लोक हसले. मी सांगितलं. एकदा तोंडातून गेलं की मग काही वाटत नाही.

तुमची सगळी पत्रं आली. नव्या वर्षाचं मात्र अजून यायचं असेल, कारण तुम्ही लिहिल्याशिवाय राहिला असाल असं वाटत नाही. ते आलं की वाचीन.

आधी कागदाचं. तुमचं विमान गेलं त्याच आठवड्यात मी हरिचंद्रभावजींच्या दुकानात गेले आणि माझी सही असलेला कागद मागितला. ते म्हणाले, 'वहिनी, चिंतामणला काय सांगू?' मी म्हटलं, 'त्यांनी विचारलं तर सांगा.' त्यांनी दिला. मी तो बंबात घातला. त्या दिवशी आईंना आंघोळीला पाणी चांगलं तापलं. तुमचा अर्ज बाद होईल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तुमचा राहिला असता तर मी स्वतः जाऊन माघार घेतली असती. पण माझ्या पायांनी. तुम्ही विचारलंत तेव्हा भावजींना लिहायची लाज वाटली आणि मग दिवस गेले. त्यांना बोलू नका. चाळीस सायकली दुरुस्त करणारा माणूस दोन तारा हातात घेऊन आपल्या ओट्यावर बसला होता, त्याची दया येत होती.

तारा दोन्ही पोचल्या. पहिली आधी.

ती आणून दिली तेव्हा भावजी म्हणाले, 'आता मी काय करू?' मी म्हटलं, 'चहा घ्या.' ते गेल्यावर मी जेवले नाही. मला वाटायचं, तुम्ही मला न विचारता सही घेतलीत ती घाईत. पण ती तार घाईतली नव्हती. तुम्ही विचार करून केली होती. आईंनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तुम्हाला वाटतं त्यांना काही कळत नाही. त्या म्हणाल्या, 'त्याला लहानपणापासून वाटतं, सगळे त्याच्याकडेच बघतायत. तू जात राहा वाडीवर. मी भात लावते.' दमा असून त्या महिनाभर चुलीशी बसल्या. त्याआधीच्या कार्डातही भोपळा त्यांनीच घालायला लावला होता. बाकीचं लिहायचं नाही, असं त्यांनी बाळाला बजावलं होतं.

दुसरी तार मुदत संपून गेल्यावर आली. कल्याणला पडून होती. उशिरा आली, पण आली. ती मी बंबात घातली नाही.

मी भाषण केलं नाही. ठाकूरवाडीत पहिल्या दिवशी भिकीनं विचारलं, 'तू भाषान करतंस का नुस्ती येतंस? भाषान आमी लय ऐकलाव. नुस्ती येत असशील तर ये.' मग मी नुसती जात राहिले. धुण्याचं पाटीभर ओझं घेऊन त्यांच्याबरोबर भट्टीला वळसा घातला, रोज. चौथ्या दिवशी विष्णुपंतांचा मुकादम म्हणाला, 'बाई, तुमच्या घरी आड आहे, तुम्ही कशाला येता?' मी म्हटलं, 'वाट बघायला.' बायका हसल्या. तेवढंच माझं भाषण. तेही मी मुद्दाम केलं नव्हतं. घाबरलेलं तोंड मात्र कुणाला दिसलं नाही, कारण डोक्यावर पाटी असली की सगळे पाटीकडे बघतात.

परवा मतदान झालं. माझ्या पेटीवर घागरीचं चित्र होतं. वाडीवरच्या बायका पहाटेच येऊन शाळेपुढे बसल्या, आणि मोजणी होईपर्यंत उठल्या नाहीत. मी निवडून आले. फार मतांनी नाही. विष्णुपंतांनी येऊन नमस्कार केला आणि म्हणाले, 'चिंतामणराव आले की बोलू.' मी म्हटलं, 'आताच बोला, ते पाहुणे आहेत.' असं कसं बोलून गेले कुणास ठाऊक. घरी येऊन दार लावून बसले.

खरं सांगते, भीती वाटते. पहिली सभा पंचवीस तारखेला आहे. नदीच्या वाटेचा विषय मी लिहून दिला आहे. ते कलमं काढतील, मला त्यातलं काही येत नाही. तुमच्या कपाटातलं कायद्याचं पुस्तक काढलं आहे. तुम्ही खुणा केल्यात त्या कामाच्या नाहीत, नुसत्या टाळीच्या वाक्यांखाली रेघा आहेत. मी दुसऱ्या पेन्सिलीनं करते आहे. तुम्ही आलात की दोन कलमं मला समजावून सांगा. सांगा म्हणजे मी विचारीन तेवढीच.

एग्लीबाईंचं कार्ड आलं. बर्फाचं चित्र आहे. मागं बारा बायकांच्या सह्या. आईंनी ते देवाजवळ ठेवलं आहे. बाईंना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की सतरंजीवर पुढं-मागं असतंच. विष्णुपंत खांबाला टेकून बसतात. मी ती जागा बघून ठेवली आहे. त्यांचं एक तारखेला काय होतंय ते मला कळवायला सांगा. केक मात्र भावाचं मत कळल्यावर करा म्हणावं.

तुम्ही सभेला या. कुणीही येऊन बसू शकतं, पडवीच्या कडेला बाक टाकतात. फक्त तुमच्या त्या गॅलरीतल्या शिपायाचं वाक्य लक्षात ठेवा. इथे निवडून आलेलेच बोलतात. तुम्ही उठाल, छाती भराल, हात वर जाईल. म्हणून भिकीला तुमच्या शेजारी बसायला सांगितलं आहे. तिचा हात शिपायासारखा सौम्य नाही.

कुंदा